एका हाताचा चुडा

माझ्या लग्नाचा फोटो पाहणारा प्रत्येक जण विचारतो, नवरीच्या एकाच हातात चुडा कसा? दुसऱ्या हाताला ढळढळीत प्लास्टर दिसतंय, तरी विचारतात. मग मला खुर्शीदबीची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही.

खुर्शीदबी बडनेऱ्याची मणियारीण. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये यायची. बाईचा अंगठा तळव्यात दुमडून, बोटं चेपत, ती अशी काही बांगडी चढवायची की घट्टातली घट्ट बांगडीही न फुटता मनगटावर जाऊन बसायची. कुणाच्या हाताला काय झालंय, हे तिला घरच्यांआधी कळायचं.

साल अठ्ठावन्न. बाबा रेल्वेत गार्ड. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, अकोल्याच्या शाळामास्तरांशी लग्न ठरलेली. आणि तरीही फळीवर उभी राहणारी! लोकोशेडच्या भंगारातली चार बेरिंगं सुताराकडून एका फळीला बसवून घेतली होती. मालधक्क्याच्या उतारावरून ती खडखडत सुटायची. माझी मैत्रीण शकुन बसून यायची, मी उभ्यानं. कोपरं सोलली, गुडघ्यांवर खपल्यांवर खपल्या धरल्या, एकदा घोटा मुरगळून आठ दिवस लंगडले. पण हौस काही फिटेना.

खुर्शीदबीनं ती खरचटलेली कोपरं पाहिली, तेव्हा चांगलं झापलं होतं. "हात पुढं टाकून काहून पडतं वं? म्या आगगाडीच्या पायरीवरून पडली होती, टोपलीसकट. हात पोटाशी घेतले अन् कुशीवर लोळली. बांगड्या गेल्या, पण हाड एक नाई मोडलं."

मी हसले, आणि विसरले.

लग्नाला तेरा दिवस होते. बेरिंगखाली गिट्टीचा खडा आला, फळी जागच्या जागी थांबली आणि मी पुढं गेले, उजवा हात टेकवून. सूज फारशी नव्हती, म्हणून आई म्हणाली, "लचक भरली." तीळतेलानं चोळलं, विटेनं शेकलं. मी दात आवळून सोसलं. आईला माझ्या हातापेक्षा अकोल्याची धास्ती जास्त. नवरी मुलगी फळीवर उभी राहून उतारावरून येते, हे सासरी कळलं तर लग्न मोडेल, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. घरात सगळ्यांना ताकीद होती, शब्द बाहेर जाता कामा नये.

पाचव्या दिवशी खुर्शीदबी चुडा भरायला आली. डावा हात झाला. उजव्याचा अंगठा तिनं दुमडला आणि एकदम थांबली. मग अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो, तिथं बोट दाबलं. मी किंचाळले.

"ह्या हातात म्या बांगडी भरत नाई," ती म्हणाली. "हे मोडलं हाय."

आई चवताळली. "लग्न आठ दिवसांवर आलं! बिनचुड्याची उभी करू का पोरीले? दुसरी मणियारीण बोलावीन मी."

"बोलाव. पण आधी डाक्टरले दाखव. म्या एकदा असा चुडा भरला होता, गोदाबाई. आता नाई भरणार." टोपली उचलून ती बाबांकडे वळली. "अकोल्याले म्या जातो अन् सांगतो. लपवू नका."

बाबांनी मला त्याच दिवशी अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी हाताचा फोटो काढला. अंगठ्याखालचं एक लहानसं हाड तडकलं होतं. ते हट्टी असतं म्हणे, सावकाश जुळतं. नऊ आठवडे प्लास्टर! चोळत राहिला असतात तर मुठीतला जोर कायमचा गेला असता, असं डॉक्टरांनी बाबांना चांगलं खडसावलं. आईनं ते ऐकलं आणि दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी पॅसेंजरनं खुर्शीदबी परत आली, ती माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, पार्बताबाईंना घेऊनच. सासूबाईंनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगट वाकडं होतं. अंगठा बोटांना टेकत नव्हता.

"लग्नाच्या आधी विहिरीच्या पायरीवरून पडली होती," त्या म्हणाल्या. "माह्या मायनं तेल चोळलं अन् चुडा भरून घेतला. कोणाले कळू देलं नाई."

"भरला म्या," खुर्शीदबी म्हणाली. "म्या तवा अकोल्यात माहेरी होती, पंधरा वर्साची. ही रडून राहिली होती अन् म्या बांगड्या सारत होती." हे सांगताना तिनं मान खाली घातली. त्या फटकळ बाईला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तारीख बदलायची नाई," सासूबाई आईला म्हणाल्या. "पोरगी प्लास्टरसकट नेईन मी."

तशीच नेली. पाणिग्रहणाच्या वेळी यांनी प्लास्टरमधून डोकावणारी माझी पाच बोटं धरली, आणि मांडवात खसखस पिकली. मला मात्र जराही लाज वाटली नाही.

प्लास्टर कापलं तेव्हा हात ओळखू येईना. बारीक, कोरडा, मनगट वळतच नव्हतं. मला रडू कोसळलं. खुर्शीदबी अकोल्याला आली, पण टोपलीतून बांगड्या काढल्याच नाहीत. "आत्ता नाई. कोमट पाण्यात मूठ उघड अन् मीट. डाक्टरनं सांगतलं तसं मनगट फिरव. कणीक मळाले लाग, पहिले दोन पोळ्यांची." पहिल्या दिवशी मला तेवढीही मळवली नाही. महिन्याभरात घरच्या सगळ्यांची मळू लागले.

मग ती पुन्हा आली. टोपली अंगणात ठेवली आणि धुण्याच्या बादलीतलं सासूबाईंचं नऊवारी लुगडं माझ्या हातात दिलं. "पिळून दाखव."

लुगड्याचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं. मी उजव्या हातानं पीळ घातला, आणखी घातला. पाणी धो धो अंगणात पडलं. मनगटात जरा ताण आला, पण दुखलं नाही. मी जोर केला, आणि सासूबाईंच्या हातातून टोक निसटलं. माझ्या हातातलं निसटलं नाही.

खुर्शीदबी तिथंच ओल्या जमिनीवर बसली. सासूबाईंचा वाकडा हात तिनं आधी स्वतःच्या डोळ्यांना लावला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग पदरानं तोंड पुसलं, टोपलीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि म्हणाली, "आण बेटा, तो हात इकडं."