पाण्यातले औषध

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास, वयाची पन्नाशी उलटल्यावर, मी टिटवाळ्याला ब्रॉयलर कोंबड्यांची शेड काढली. विक्री जवळ आली आणि हाडे मऊ राहिलेले बरेच पक्षी बसूनच सरकू लागले. लंगडा पक्षी व्यापारी घेत नसे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पाण्याच्या भांड्यांत ड जीवनसत्त्वाचे औषध काटेकोरपणे मिसळले.

पत्नी म्हणाली, “अहो, ज्यांना उठवतच नाही, ते पाण्यापर्यंत जाणार कसे? पालखी पाठवणार आहात?”

मग आम्ही दोघे कंबर मोडेपर्यंत वाकून एकेकाला भांड्याशी नेऊन पाजत राहिलो. हळूहळू बरेच उभे राहिले. “चालायला लागले हो!” ती हरखून म्हणाली.

व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि चालणारे तेवढे घेऊन गेला. उरलेल्यांना आम्ही पुन्हा पाण्याशी नेऊ लागलो.