यादीत नसलेली पुडी

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा. हजर: मी, मला जिना चढताना धरायला खापरखेड्याहून आलेल्या मोठ्या जाऊबाई, आणि धंतोलीतल्या दवाखान्यातले डॉक्टर.

डॉक्टरांनी फाइल दोनदा उलटली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. "आणखी काही औषध घेता?" मी पानभर यादी पुढे केली. गोळी, वेळ, सुरू केल्याची तारीख. डोळ्यांच्या थेंबांसकट.

"झालं?"

"झालं."

मागून जाऊबाई म्हणाल्या, "अन् ते पुडी काहून नाही सांगून राहिली वं? तिच्यानंच त बरं वाटते तुले!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

सुरुवात जूनमधली. अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी पाच आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, उतरत्या डोसने. गांधी गेल्या, गोळ्या संपल्या. आठवड्याभरात मांड्या आणि खांदे दुखू लागले, मग घोटे, मग बोटं. मी शाळेत हेडक्लार्क आहे. वरच्या फळीवरचं रजिस्टर काढता येईना. कुकरचं झाकण मुलगी लावून देई.

तपासण्या झाल्या. ईएसआर, म्हणजे शरीरात सूज आहे का. सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज. आरए फॅक्टर, संधिवातासाठी. दर वेळी दोन तास स्टीलच्या खुर्चीवर बसायचं आणि उठताना शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्याची माफी मागायची. दर वेळी नॉर्मल. एका डॉक्टरांनी "टेन्शन कमी करा" असं सांगितलं. दुखणं आहे आणि कागदावर नाही, याने माणूस फार थकतो. रजा संपत आली होती. मी राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला होता.

सप्टेंबरमध्ये जाऊबाईंनी पुडी आणली. त्यांच्याकडच्या एका वैद्याची, रोज एक, कोमट पाण्यातून. तिसऱ्या दिवशी मी खाली बसून मेथी निवडली. पुड्या संपल्या आणि दुखणं दुप्पट होऊन परतलं. पुन्हा मागवल्या. असं तीनदा झालं.

मग यादीत का नव्हती? कारण यादी मी औषधांच्या डब्यावरून केली होती. पुडी स्वयंपाकघरात, ओव्याच्या बरणीशेजारी असायची. ती मला औषध वाटलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, "तपासल्याशिवाय शपथ घेणार नाही. पण बहुधा तो वैद्य पुडीत आमचंच औषध, स्टेरॉइड, मिसळून देतोय. फक्त किती देतोय ते सांगत नाही."

याला स्टेरॉइड विथड्रॉवल म्हणतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं काम सोडतात. पुरवठा एकदम तुटला की अंग दुखतं, गळून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॉर्टिसॉलची, म्हणजे त्या ग्रंथी किती काम करतात याची तपासणी झाली. आकडा फार कमी आला.

आता पुडीऐवजी स्टेरॉइडचाच मोजलेला डोस, दर काही आठवड्यांनी थोडा कमी. डॉक्टरांनी कित्येक महिने सांगितलेत. डोस उतरला की चार दिवस मी पुन्हा म्हातारी होते. पण आता दुखण्याला नाव आहे. मसुदा फाडला. शाळेत जाते, खालच्या फळीवरची कामं करते.

तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल तर यादी करताना अख्खं घर फिरा. पुडी, काढा, तेल, सगळं लिहा. आणि स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

जाऊबाई त्या दिवशी बोलल्या नसत्या तर मी आजही पुडीवर असते. हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या. मग कळलं, गुडघ्यांसाठी त्या स्वतः दोन वर्षांपासून रोज तीच घेतात. चेहरा गोल झालाय, हातावर नुसतं दाबलं तरी निळे डाग उठतात. हीही स्टेरॉइडचीच लक्षणं. त्यांनाही तपासायला हवं, आणि तोवर पुडी अचानक सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

"मले काय धाड भरली?" त्या म्हणतात. "तुले नाही सोसली, त पुडी वाईट झाली काय?"

दवाखान्यात त्यांच्यासाठी दोनदा नंबर लावला. दोन्ही वेळा त्या आल्या नाहीत. गुरुवारी मी स्वतः त्यांना आणायला निघाले, पण डोस नुकताच उतरलेला, बसस्टॉपपर्यंतच पाय चालले. जाऊबाईंना दवाखान्यात न्यायचं अजून राहिलंय.