तळाच्या संघाची येळवस

नांदेडच्या प्लॅटफॉर्मवर गाडी हलली तेव्हा अप्पा खिडकीबरोबर चालत होते. आई रडत होती, मी रडत होते, समोरच्या बाकावरची एक अनोळखी बाईसुद्धा आमच्याकडे बघून डोळे पुसत होती. अप्पांना मात्र वेगळीच काळजी.

"तिकडलं रान कसलं हाय गं?"

"अप्पा, मी दवाखान्यात नर्स म्हणून चाललेय. रानाचं मला काय ठाऊक?"

"चप्पल काढून हुभं राहून बघ आन् सांग. पायाला कळतंय."

मग प्लॅटफॉर्म संपला आणि अप्पा मागे राहिले. जळकोटला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठं कुठं पांगलेल्यांनो, हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते द्यायला मला फुटबॉलचा एक अख्खा हंगाम लागला.

मी उतरले ते स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटं गाव. दगडी घरं, एक दवाखाना, एक बंदर, आणि समुद्रावरून दुपारीच चालत येणारं धुकं. ऑगस्टात मी स्वेटर घालून फिरत होते आणि इथली माणसं उन्हाळा म्हणून आईस्क्रीम खात होती. चप्पल काढायचा तर विचारच नको. पहिले काही आठवडे मी कामावरून घरी यायची, खिचडी टाकायची आणि खिडकीतून सीगल बघत बसायची. पाखरंसुद्धा भांडखोर होती इथली.

जीन मला वॉर्डात भेटली. पंचाहत्तरीची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, आणि मी पट्टी बदलताना जगातली सगळी चौकशी करणारी. शनिवारी काय करतेस, म्हणाली. झोपते, म्हटलं. यावर तिनं अशी मान हलवली की आमच्या आत्याबाईच आठवल्या. पुढच्या महिन्यात काठी टेकत ती मला गावाच्या फुटबॉल मैदानावर घेऊन गेली. तिथल्या चहाच्या खिडकीत ती लग्न झाल्यापासून चहा आणि पारीत खिमा भरलेली गरम पाई विकत होती. मी मांस खात नाही म्हटल्यावर तिनं माझ्यासाठी मॅकरोनी भरलेली पाई बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. आपल्या शेवयांची करंजी केल्यासारखा तो प्रकार. तरी मी खाल्ला, आणि पुढच्या शनिवारी परत गेले.

इथल्या लीगला चार पायऱ्या. आमचा क्लब सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि त्या पायरीवरही तळाला. हंगाम संपताना जो तळाला राहील त्याला बाहेरून वर येऊ बघणाऱ्या एका संघाशी दोन मॅच खेळाव्या लागतात. त्या हरला की लीगमधून बाहेर. आमच्या संघात एक सुतार, एक शाळामास्तर आणि एक मासळीवाला होता. मॅचला यायची ती दोनेकशे माणसं, तीच ती, ठरल्या जागी उभी राहणारी. संघ हरायचा. माणसं शिव्या घालायची, पाई खायची, घरी जायची आणि पुढच्या शनिवारी पावसात परत उभी राहायची. मला सुरुवातीला वाटलं, ह्यांना वेड लागलंय. मग एका शनिवारी धुकं इतकं उतरलं की चेंडू दिसेना, नुसत्या आकृत्या पळताना दिसत होत्या, आणि कठड्याला टेकून मी बघत राहिले ते आमचं तुरीचं रान. मार्गशीर्षातलं, पहाटेचं, धुक्यात बुडालेलं. त्या तंद्रीत आमच्यावर गोल बसला तोही मला कळला नाही.

दसऱ्याला फोन केला तर अप्पा म्हणाले, "आवंदा येळवस न्हाई करायची."

बाहेरच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या लातूर भागातला रानातला सण. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा. मग एकानं अनवाणी शेताच्या कडेनं फिरत ज्वारीच्या पिठाची पांढरी, ताकातली आंबील शिंपडायची आणि बाकीच्यांनी मागून "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडायचं. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं माणसांनी भरतात.

"का न्हाई करायची?"

"करून कुणाला वाढू? तू तिकडं, तुझा भाऊ हैदराबादला. शेजारचं रानबी बटईनं परक्याकडं गेलं. मी आन् तुझी आई, दोघं कोपीत बसून काय तोंडाकडं बघावं एकमेकाच्या?"

मला एकदम भीती वाटली. घराला कुलूप लागलं तरी ते उघडता येतं. पण येळवस एकदा बंद पडली की मी सुट्टीत जाऊन जाऊन कुठं जाणार होते? समजूत घालायला जवळ काहीच नव्हतं, म्हणून मी त्यांना मैदानाचं सांगत बसले.

"हारतेत तरी जातेत?" अप्पांनी विचारलं.

"हाव. दर शनिवारी."

"येडे हायेत," म्हणाले, आणि फोन ठेवला. पण पुढच्या रविवारी त्यांनी आधी मैदानाचीच चौकशी केली. काय झालं? हरलो. बरं. त्याच्या पुढच्या रविवारी? हरलो. आईचा आवाज आला, "कशाला विचारता लेकराला, तिचं तोंड बारीक होतंय."

येळवस शनिवारीच आली आणि त्या दिवशी इथं आमची मॅच होती. जळकोटला कोप उभी राहिली नव्हती. तिथं नाही तर इथं तरी, असं मनानं घेतलं. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ, दुकानातलं दही, लसूण. पातेलंभर आंबील घेऊन सकाळीच मैदानावर गेले. जीनकडे किल्ली होतीच. गवतावर दहिवर गोठलं होतं आणि धुक्यातून सूर्य नुसता पिवळा डाग दिसत होता. कुंपणाची एक डहाळी मोडून मी मैदानाच्या कडेनं शिंपडत निघाले. मागून काठीचा आवाज, आणि जीन तिच्या बोलीत, जमेल तसं, मी शिकवलेलं "ओलगे ओलगे" म्हणत येत होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

आमच्या रानाला बांध असतो, चुन्याची रेघ नसते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आंबील त्या ताज्या पांढऱ्या रेघांवर पडली आणि थंडीनं तिथंच गोठली. रेफरी आला तर मैदानाच्या कडेला जिकडं तिकडं पांढरे फटकारे. बाद रेषा कुठली आणि आंबील कुठली, कुणाला कळेना. कोमट पाण्याच्या बादल्या आणि झाडू आले, मॅच उशिरा सुरू झाली. मी चहाच्या खिडकीमागे तोंड लपवून बसले. जीननं रेफरीला ठणकावून सांगितलं की ते पिकासाठी आहे.

आणि आम्ही जिंकलो! मग काय विचारता. पुढच्या मॅचआधी सुतार स्वतः खिडकीशी आला, ते पांढरं सूप परत शिंपडशील का म्हणून. म्हटलं, बाबा रे, येळवस वर्षातून एकदाच येते.

अप्पांना व्हिडिओ दाखवला तर सगळं सोडून म्हणाले, "बूट घालून फिरलीस?"

"अप्पा, बर्फ होतं."

"मग कसलं रान हाय ते कसं कळंल?" आणि लगेच म्हणाले, "मागून ओरडायला ती म्हातारी मातर चांगली घावली."

हंगाम संपला तेव्हा आम्ही तळालाच होतो. शेवटच्या दोन मॅचपैकी पहिली बरोबरीत सुटली, दुसरी आमच्या मैदानावर. मे महिना, ऊन पडलेलं, सगळं गाव आलेलं. शेवटच्या काही मिनिटांत एक गोल बसला, तो आमच्यावर. शाळामास्तर गवतावर आडवा झाला. संघ लीगमधून बाहेर पडला आणि मी जन्मात पहिल्यांदा चेंडूसाठी हमसून रडले. जीननं खिडकी पुसली, पातेली पालथी घातली आणि नव्या हंगामाची पहिली मॅच ऑगस्टात आहे, ये, एवढंच म्हणाली.

माणसं गेल्यावर मी अप्पांना फोन लावला. "हारलो अप्पा. भाएर गेलो."

"मैदान हाय का जागेवर?"

"हाय."

"मानसं येतेल का परत?"

"येतेल."

"मग रडतीस कशाला?" पलीकडून बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. "आयक. म्या कडबा राखून ठिवलाय कोपीसाठी. ह्या येळवशीला करायची. रस्त्यानं जाणाराला हाका मारतो. तुझी येडी हारायला दोनशे जमतेत, मला जेवायला चार मिळणार न्हाईत व्हय?"

फोन कानाला धरून मी कठडा ओलांडला.

"कुठं हायेस आता?"

"मैदानातच."

"मग काढ की."

मी बूट काढले, मोजे काढले आणि मैदानाच्या मधोमध उभी राहिले. गार होतं, मऊ होतं, खाली ओल होती. पाय थोडे रुतले.

"सांग आता," अप्पा म्हणाले. "रान कसलं हाय?"

"चांगलं हाय, अप्पा," मी म्हणाले. "आपलं हाय."