निळ्या शेपटीचे उंदीर

सौदीतल्या बुरैदा शहरातल्या एका विद्यापीठात उस्मान परकार प्रयोगाचे उंदीर सांभाळतो. खाणंपाणी, पिंजरे धुणं, शेपट्यांना मार्करनं रंग लावणं, हे त्याचं काम. उंदरांच्या डोक्याला मार देऊन मेंदूला सूज आणतात. मग निळ्या शेपटीच्यांना नवं औषध, लाल शेपटीच्यांना नुसतं सलाईन. लाल कोपऱ्यात पडून राहतात; निळे तिसऱ्या दिवशी दाणे खायला उठतात. दापोलीला घरी उंदरांचं सांगायची उस्मानला लाज वाटायची. म्हणून फोनवर ऐटीत म्हणायचा, "मेंदूच्या सुजेवर आमच्याकडे औषध निघालंय."

परवा थोरला भाऊ शारीक माडावरून पडला. मेंदूला सूज आली, शुद्ध हरपली. भाभी फोनवर एवढंच म्हणाली, "तुझं ते औषध पाठव."

उस्मान प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टर अदिबांसमोर जाऊन उभा राहिला. त्या चिडल्या नाहीत, तेच वाईट झालं. चिडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

"माणसाला किती द्यायचं, कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ असता तरी दिलं नसतं." मग हळूच आठवण करून दिली, की आज निळ्यांचा तिसरा दिवस.

सूज किती उतरली, ते मेंदू बाहेर काढून तोलल्याशिवाय कळत नाही. उस्माननं पिंजरा उचलून आत नेला. ओळखीचा हात म्हणून उंदीर त्याच्या बोटांशी आले.

दुपारी पुन्हा भाभीचा फोन आला. "उस्मान, खरं सांग, त्या औषधानं बरं होतं ना?"

"होतं," उस्मान म्हणाला, आणि रिकामा पिंजरा धुवायला घेतला.