पत्र्याच्या खोलीतली बडी कंपनी

फोनवर कुणी काही सांगू लागलं, की छायाताई मध्येमध्ये ‘व्हय, व्हय’ म्हणायची. मराठवाड्यात याचं कुणाला नवल वाटणार? पण छायाताई एका बड्या टेक्नॉलॉजी कंपनीत इंजिनिअर होती आणि तिचा साहेब होता परदेशात. त्याला ते इंग्रजीतलं ‘व्हाय’ ऐकू यायचं. तो काम सांगायचा, ही कबूल म्हणून ‘व्हय’ म्हणायची, आणि तो बिचारा हे काम का करायचं ते पुन्हा पहिल्यापासून समजावत बसायचा. शेवटी त्यानं वर कळवलं, की ही बाई प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जाते. तिला बढती मिळाली. मला पेढा देताना हसून हसून तिची पुरेवाट झाली होती. “आपल्या बोलीपायी आजवर लोकांनी हसूनच घेतलं गं वंदे. ह्या बाबानं बढती दिली!”

मुकुंदवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. लॉकडाउनमध्ये कंपनीनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हा ती हैदराबादहून आईकडे परत आली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तिचं ऑफिस थाटलं. स्टेशनात गाडी आली, की शिट्टी थेट तिच्या मीटिंगमध्ये. गल्लीतल्या बायकांची खात्रीच होती, की हिची नोकरी गेली आहे आणि ही सांगत नाही. समोरच्या काकूंनी तर तिच्यासाठी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम शोधून आणलं. छायाताईनं त्यांचे आभार मानले, चहा पाजला आणि “बघते काकू” म्हणून वाटेला लावलं. मी शाळेत शिकवते. शाळा पुन्हा भरू लागल्यावर रोज ती सुटली, की मी चपला काढायच्या आधी त्या खोलीत डोकावायची. पत्रा तापलेला असायचा, तरी तिथून उठावंसं वाटत नसे.

एकदा मी तिला विचारलं, “ताई, माझ्या वर्गातल्या मुली विचारतात. एवढ्या मोठ्या कंपनीत चांगलं काय आणि वाईट काय?”

“चांगलं म्हणशील तर माय,” ती म्हणाली. तिच्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, आणि तो सगळा खर्च कंपनीच्या विम्यातून निघायचा. “दुसऱ्या कुण्या नोकरीनं मायला सांभाळलं असतं? मीठ खाल्लंय, खोटं नाय बोलणार.”

“आणि वाईट?”

“मी काय करते, ते मायला दाखवता येत नाय. लोकं मोबाईलवर बटण दाबत्यात, त्याच्यामागं जे चालतं त्यातला लई बारका तुकडा माझा. उद्या मी नसले तरी बटण चालतंय. अन् ऑफिसात एवढी माणसं, पण लिफ्टमधी रोज नवं तोंड. छाया म्हणून हाक मारणारं कुणी नाय.”

मग हुकूम आला, की सगळ्यांनी हैदराबादच्या ऑफिसात हजर व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. तिची आई, म्हणजे आमच्या मावशी, गल्ली सोडायला तयार नव्हत्या. “तिथं मला कोण वळखतंय? तू जा. मी काय पळून चालले का?” नोकरी सोडावी, तर आईचा उपचार बंद. धरून ठेवावी, तर आईच दूर. छायाताई त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. “ज्या नोकरीवर माय जगती, तीच मला तिच्यापासून तोडती. माझं मलाच ठावं नसताना साहेबाला रोज ‘का’ इचारलं. आज खरंच इचारायचं व्हतं, तर माझं तोंडच उघडलं नाय.”

ती गेली. मावशींना दवाखान्यात मी आणि तिचा चुलतभाऊ आळीपाळीनं नेत राहिलो. असं वर्षभर निभावलं. एका दुपारी मावशींनी घरातच प्राण सोडला. छायाताई पोचली, तेव्हा सगळं संपलं होतं.

मावशींच्या मागे करायचा जलदानविधी झाल्यावर आम्ही दोघी गच्चीवर बसलो. मी म्हणाले, “आता विम्यासाठी तिथं राहायला नको. ये ना परत. पगार कमी मिळेल, पण इथं आपली माणसं आहेत. मी आहे.”

तिनं माझा हात हातात घेतला. “सकाळपासून ज्या त्या बाईनं इचारलं, माय कशी गेली, तू कुठं व्हतीस. माझ्यावर जीव हाय म्हणूनच इचारत्यात, कळतं मला. पण वंदे, तिथं कुणाला ठावंच नाय की मला माय व्हती. तिथं मला कुणी वळखत नाय, तेच आता बरं वाटतंय.”

मला राग आला. तिचा नाही, त्या कंपनीचाही नाही. परत बोलवायला माझ्याजवळ जे जे होतं, नेमकं तेच तिला सोसत नव्हतं. तिचं म्हणणं मला पटलंही होतं. पण पटलं म्हणून काय झालं? मला ती इथं हवी होती. अजूनही हवी आहे.