घडीवरचा आलेख

तिला सगळे कात्री म्हणत. त्याचं अर्धं कारण तिचा धंदा आणि अर्धं तिची जीभ. शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेत ती एकोणीस वर्षं मदतनीस होती. मदतनीस म्हणजे काय, तर कपडा कसा बेतायचा हे मुलींना शिकवायचं तिने आणि हजेरीपटावर सही ठोकायची कटिंगच्या बाईंनी. अशा तीन बाई तिच्यासमोर आल्या नि गेल्या. तिघींकडे प्रमाणपत्रं होती. त्यातल्या दोघींना बाही कशी बसवायची ते हिनेच हळूच बाजूला घेऊन दाखवलं होतं. तिसऱ्या निवृत्त झाल्या तेव्हा कात्रीने सरळ अर्ज टाकला. संस्थेने तो गोड शब्दांत परत केला. दहावी पास हवी, म्हणाले.

कात्रीची शाळा नववीत सुटली होती. आईची नजर अधू झाली, घरचं मशीन बंद पडणं परवडणारं नव्हतं, आणि घरात मशीनला पाय पुरतील एवढी उंच तीच होती. झालं, शिक्षण संपलं. यावर तिने कधी अश्रू गाळले नाहीत, पण विसरलीही नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने प्रौढांच्या दहावीचा फॉर्म भरला. संस्थेतल्या लोकांनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठ फिरताच हसून घेतलं. तेही तिला कळलं, कारण मशीनच्या खडखडाटात पलीकडचं बोलणं ऐकायची तिला सवय होती.

भाषा, इतिहास, विज्ञान तिने रेटून नेलं. बीजगणिताने मात्र नाकी नऊ आणले. लेक एका दवाखान्यात रक्त तपासायची. ती कामावरून आली की जेवणाच्या टेबलावर दोघी बसत. आलेखाची पाळी आली तेव्हा लेकीने समीकरण दिलं, क्ष वर्ग वजा चार क्ष. क्षला उणे एकपासून पाचपर्यंत एकेक किंमत द्यायची आणि उत्तरं खाली लिहायची. कात्रीने निमूटपणे लिहिलं. पाच, शून्य, उणे तीन, उणे चार. मग पुन्हा उणे तीन, शून्य, पाच. पेन्सिल खाली ठेवून ती लेकीकडे बघत राहिली.

"अगं, पुढे गेलेलं सगळं उलट्या पावली परत आलंय. मग हे दोनदा कशाला काढायचं?"

लेक म्हणाली, पद्धतच तशी आहे. कात्री म्हणाली, पद्धत काढणाऱ्याने कधी गळा बेतलेला दिसत नाही. शिवणात कुणीही गळा दोन्ही बाजूंनी आखत नाही. कागद मधोमध दुमडायचा, अर्धाच गळा काढायचा, दुमडीच्या कडेला "घडी" असं लिहायचं. कापून उलगडला की पूर्ण गळा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या तर त्या जन्मात सारख्या येत नाहीत. त्या दिवसापासून बीजगणित तिच्या हातात आलं. आलेखाची घडी कुठे पडते ते आधी शोधायचं, त्या रेषेवरचा तळ मांडायचा आणि एकच बाजू नीट काढायची. लेकीला हे इतकं पटलं की आई परीक्षेत नेमकं काय करेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

परीक्षेत क्ष वर्ग वजा तीन क्ष अधिक दोनचा आलेख आला, चार गुणांना. एकला शून्य, दोनला शून्य, म्हणजे घडी दीडवर. तळ शून्याच्या किंचित खाली, उणे पाववर. तिने तळापासून उजवी बाजू काढली, दोनला शून्य, तीनला दोन, चारला सहा, पाचला बारा. मग आलेखाचा कागद दीडच्या रेषेवर दुमडून नखाने कडक घडी केली, कडेने "घडी" लिहिलं आणि पेपर देऊन आली. एकोणीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं की दुसरी बाजू कुठाय.

निकालात बीजगणितात बत्तीस पडले. पासाला पस्तीस. त्या चार गुणांच्या प्रश्नात एक मिळाला होता आणि समोर लाल शाईत लिहिलं होतं, आलेख अर्धवट.

परीक्षा केंद्राचा नियम असा की तीनपर्यंत गुण कमी पडले तर सवलतीचे गुण मिळतात. विषयापुढे तारा छापतात आणि पास करतात. नाहीतर फेरतपासणी मागायची, पण ती मागितली की सवलत गेली. तिथेही गुण मिळाले नाहीत तर पुढची परीक्षा वर्षाने. आणि संस्थेतली कटिंगच्या बाईंची जागा, जी अजून रिकामीच होती, भरली जाणार होती पंधरा दिवसांत.

लेक म्हणाली, "आई, घे ना ते तीन गुण. तारा कोण बघत बसणारे?"

"मी बघेन," कात्री म्हणाली.

लेक चिडली. एवढी वर्षं थांबलीस, आता कडेलोट करून घेऊ नकोस, असं बरंच काही बोलली. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पण कात्रीला जन्मभर सगळं सवलतीतच मिळालं होतं. बसायला कोपरा, नावाला पद, कामाला शाबासकी. निदान स्वतः सोडवलेलं गणित तरी तिला कुणाच्या दयेने नको होतं. तिने फेरतपासणीच्या रकान्यात खूण केली.

ठरल्या दिवशी केंद्रावर टेबलामागे मुख्याध्यापिका होत्या आणि ज्यांनी पेपर तपासला ते गणिताचे सर. सर सज्जन माणूस, पण नियमाच्या रेषेबाहेर पाऊल न टाकणारा. त्यांनी समजावलं की आलेख काढा म्हटल्यावर पूर्ण काढायचा असतो आणि अर्ध्याला अर्धेच गुण. कात्री म्हणाली, मग अर्धे तरी कुठे दिलेत, एकच दिलाय. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसायला घेतला.

मग तिने घडीचं सांगितलं. सर म्हणाले, दोन्ही बाजू सारख्या हे तुम्ही गृहीत धरलंत, दाखवलं कुठे? तिने दीडपासून सारख्या अंतरावरचे कुठलेही दोन आकडे घ्यायला सांगितले. सरांनी पाच आणि उणे दोन घेतले. दोन्हीकडे बारा आले. चार आणि उणे एकला सहा. हे सरांना ठाऊकच होतं. त्यांनी मान हलवली आणि नमुना उत्तराची फाईल पुढे सरकवली. त्यात त्यांनी स्वतः हाताने काढलेला आलेख होता, दोन्ही बाजूंसह, मधे तुटक रेषा. असा हवा, ते म्हणाले.

कात्रीने तो बराच वेळ पाहिला. "सर, हा दुमडू का?"

सर म्हणाले, तो कार्यालयाचा कागद आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दुमडू द्या.

तिने तुटक रेषेवर घडी घातली, नख फिरवलं आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. उजवी बाजू एकीकडून गेली आणि डावी तिच्याबाहेर फुगून, चांगली पाव इंच. ठिपके बरोबर होते. ठिपक्यांच्या मधे हात भरकटला होता.

"असा गळा शिवला तर एका खांद्यावरून उतरेल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

सरांनी कागद घेतला आणि स्वतः उजेडात धरून पाहिला. उलटा करून पुन्हा पाहिला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कात्रीला वाटलं, आता गेलं. मास्तराची चूक मास्तरासमोर काढली, आता वर्ष गेलं आणि जागाही गेली. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

"माझ्या या आलेखाला तुम्ही चारपैकी किती द्याल?" सरांनी विचारलं.

ती खोटं बोलू शकली असती. चार म्हटलं असतं तर सर खूश झाले असते. तिने पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं.

"तीन," ती म्हणाली.

सरांनी लाल पेन उघडलं. तिच्या पेपरवरचा एक खोडून चार केले, बेरीज पस्तीस केली आणि बाजूला स्वतःची सही केली.

"चौथा गुण माझ्यावर दया म्हणून असेल तर नको," कात्री म्हणाली. "तीनच द्या. चौतीस होतील. मी पुन्हा बसेन."

"दया?" सर म्हणाले. "बाई, बावीस वर्षं मी हे आलेख तपासतोय आणि एकही दुमडून पाहिला नाही. सही करा इथे."