खरवडीचा मानकरी

"आधी चुलीला भेटायचं, मग पाटावर बसायचं," असं म्हणत तो कुठल्याही हॉटेलात शिरला की थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जायचा. आत मान घालून, कोण काय ढवळतंय ते बघून मगच टेबलाशी यायचा. तोवर आम्ही भुकेने कावलेले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर सगळे खूश असतात. मी नव्हतो. आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळायचो.

कारण आमचं नेहमीचं हॉटेल माझं होतं. म्हणजे शोधलेलं मी. दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर, सात टेबलांचं स्विस हॉटेल. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, मला नावाने हाक मारायच्या. अकरा वर्षं या शहरात काढली, पण घर आणि ऑफिस सोडून मला नावाने ओळखणारी ती एकच जागा. दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातल्या चौघांना मी तिथे न्यायचो. वितळलेल्या चीजचं भांडं टेबलावरच छोट्या दिव्यावर ठेवतात, लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवायचा. तो कसा फिरवायचा हे मी सगळ्यांना शिकवायचो. मोठ्या तोऱ्यात.

मग आमच्या ऑफिसात हा साताऱ्याचा गडी आला. पहिल्याच शुक्रवारी चीज संपलं, वेटरने भांडं उचललं, तसा हा ओरडला, "अरे भाई, रुको! असली माल तो नीचे है!" आणि माझ्याकडे वळून, "राजा, खरवड परत चालली की!"

मी लाजेने टेबलाखाली जायचाच बाकी होतो. पण मालकीणबाई आतून धावत आल्या. त्यांच्या माहेरी, स्वित्झर्लंडात, म्हणे या खरवडीवरून भावंडांची मारामारी व्हायची. इथलं गिऱ्हाईक ती मागतच नाही, म्हणून भांडं आत गेलं की त्या एकट्याच खरवडून खायच्या. त्याने सुरीने ती भाकरीसारखी अख्खी सोडवली, सात तुकडे केले, बाईंनाही बसवलं आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला. "घे राजा. तू आणलंस इथे, पहिला मान तुझा."

तुकडा खमंग होता, आणि तेच मला सहन होईना. वर्षभर मी तो परत पाठवत आलो होतो.

त्यानंतर बाई दारातच विचारायला लागल्या, "तुमचे मित्र आले का?" माझं नाव त्यानंतर.

एका शुक्रवारी मी त्याला सांगितलं, "आजचं कॅन्सल." बाकीच्यांना म्हणालो, त्याला काम आहे. खरवड काढायला मीच सुरी घेतली. तळाशी नुसता कोळसा. सोमवारी तो माझ्या टेबलाशी आला. त्याला कुणीतरी सांगितलंच होतं. म्हणाला, "शेवटी दिवा बारीक करायचा असतो, राजा. नाहीतर करपते." एवढंच. पुढच्या शुक्रवारी मी स्वतः त्याला बोलवायला गेलो. माफी मात्र मागितली नाही, मागायला हवी होती.

गेल्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. महिन्याभरात व्हिसा, घर, सगळं खलास, आणि गडी साताऱ्याला परत.

बाईंना हे सांगणं माझ्या जिवावर आलं. "सुट्टीवर गेलाय. येईल, इन्शाल्ला," म्हणालो. टेबलावर कुणी मला खोटं पाडलं नाही. मग दर शुक्रवारी त्या विचारायच्या, मी तेच सांगायचो, आणि दर वेळी जळायचोच. समोर मी बसलोय, आणि चौकशी साताऱ्याची!

परवाच्या शुक्रवारी त्यांनी विचारलं नाही. मला नावाने हाक मारली, खुर्ची ओढून दिली, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणि मी काट्याला टोचलेला पाव भांड्यात नुसताच फिरवत राहिलो. शेवटी मीच त्यांना थांबवलं आणि म्हणालो, "तो तुमची आठवण काढत होता."

त्याच्याशी माझं चार महिन्यांत बोलणं झालेलं नव्हतं.